अर्ध्या तासानंतरची सभा

"नियोजित वेळी गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा तहकूब करण्यात येईल व तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. सदर तहकूब सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही."

ज्यांच्या घरी सहकारी संस्थेचा अहवाल येतो त्यांना ही टीप नवी नाही. गणसंख्या म्हणजे सभेला हवीत तेवढी किमान माणसं. सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायची असते, म्हणून कोल्हापुरात गणपतीच्या आगेमागे घरोघरी अहवाल पडायला लागतात. पतसंस्थेचा, बँकेचा, सोसायटीचा, भांडाराचा. वडील होते तोवर ते सगळे रद्दीच्या गठ्ठ्यात जायचे. वडील गेले, वारसनोंद झाली, आणि चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा माझं नाव लिहिलेला अहवाल पोस्टमननं हातात दिला. त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या मी ही टीप नीट वाचली. मनाला लागली. अख्ख्या पेठेला बोलावणं धाडायचं आणि त्याच कागदावर खाली लिहायचं, की तुम्ही येणार नाही हे आम्ही धरून चाललोय. आणि ते खरंही होतं. आमच्या घरातून साठ वर्षांत त्या सभेला कोणी गेलं असेल तर फक्त आबा, माझे आजोबा.

ही संस्था म्हणजे आमच्या पेठेतलं सहकारी ग्राहक भांडार. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बऱ्याच गावांतल्या बऱ्याच भांडारांना लागू आहे. एकट्या त्याच्यावर ठपका येऊ नये.

आबांनी शेअर घेतले ते साठच्या दशकात. दहा रुपयांचे पाच. चीनच्या युद्धानंतर, 1962 च्या अखेरीस, केंद्र सरकारनं ग्राहक भांडारांची योजना आणली आणि गावोगावी अशी दुकानं उभी राहिली. त्यामागची भीती साधी होती. माल कमी पडेल, व्यापारी दडवून ठेवतील, भाव चढतील. म्हणून गिऱ्हाइकांनीच आपापले पैसे घालून दुकान काढायचं. आबा तालमीतले गडी, चौथी शिकलेले. पण सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून त्यांनी ते देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं. आई सांगायची, 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, तेव्हा निदान वजनात मारलं जात नाही एवढी खात्री भांडारात होती.

माझी स्वतःची आठवण त्यानंतरची, पामतेलाच्या रांगेची. दिवाळीआधी सभासदांना तेल, रवा, मैदा, साखर मिळायची. आधी एका खिडकीत यादी द्यायची, मग दुसऱ्या खिडकीत पैसे भरायचे, शिक्का मारलेली पावती घेऊन तिसऱ्या काउंटरवर उभं राहायचं. छताच्या हुकाला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं. काउंटरवरचे काका कागदाचा पुडा बांधून दोरा वरून खाली खेचत, बोटाभोवती गुंडाळून हिसका देत आणि तो टकन तुटायचा. मला ते काम फार आवडायचं. घरी आल्यावर दोरा न कापता सोडवायचा आणि गुंडीला जोडायचा, हा आजीचा नियम होता. ती गुंडी पुढे कितीतरी वर्षं वाती आणि पतंगांना पुरली.

भांडाराच्या समोरच किराणा दुकान होतं. तिथले शेठ भल्या पहाटे दुकान उघडत आणि रात्री शेवटचा माणूस गेल्याशिवाय फळी लावत नसत. भांडार दुपारी एक ते चार बंद. आमच्या गल्लीतली निम्मी घरं सभासद होती, तरी रोजचा बाजार शेठकडे व्हायचा. कारण शेठची वही. पगार लांबला, घरात आजारपण निघालं, पोरीचं लग्न ठरलं, की वहीत लिहून माल मिळायचा. भांडारात उधारी नव्हती. सहकाराच्या पुस्तकातला तो जुना नियम आहे. इंग्लंडात रॉचडेलला 1844 साली 28 जणांनी, त्यात बरेचसे विणकर, जे दुकान काढलं त्यातही रोखीशिवाय माल नव्हता. त्यांच्याकडे भावही बाजाराचाच होता. फायदा व्हायचा तो वर्षाअखेर, ज्यानं जितकी खरेदी केली त्याच्या प्रमाणात वाटला जायचा. उधारीत दुकानं बुडतात हे त्यांनी बघितलं होतं, म्हणून नियम बरोबरच होता. पण महिन्याच्या वीस तारखेला ज्या घरातला डबा रिकामा होतो, त्या घराला वर्षाअखेरचा नफा काय कामाचा? शेठनं आमच्या गल्लीचं अडीनडीला भागवलं, हे मान्य केल्याशिवाय मला भांडाराची बाजू घेता येणार नाही. त्यांनी त्याचे पैसे घेतले, दोन पैसे जास्तच घेतले. तरी भागवलं.

पुढे 1991 नंतर टंचाईच संपली. तेल हवं तेवढं, साखर हवी तेवढी. ज्या भीतीपोटी भांडार उभं राहिलं ती भीती गेली, आणि आता हे दुकान कशासाठी चालवायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. संचालकांनी नाही आणि सभासदांनी तर नाहीच. खिडक्या तीनच राहिल्या. मग शहरात मॉल आले, डी-मार्ट आलं. मीही गेले. डाळ स्वतःच्या हातानं निवडता येते, आणि पाकीट उलटून किंमत वाचताना कोणी घाई करत नाही, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला मोकळं वाटलं होतं. भांडारात दुसरी डाळ दाखवा म्हटलं, तर आपण काही अपराध केल्यासारखं वाटायचं.

डी-मार्टच्या गोष्टीतला एक धागा मात्र मला अस्वस्थ करतो. राधाकिशन दमाणींनी 2002 साली पवईत पहिलं दुकान काढलं. त्याच्या थोडं आधी, 1999 च्या सुमारास, त्यांनी नेरुळला 'अपना बाजार'ची फ्रँचायझी चालवून पाहिली होती. अपना बाजार म्हणजे मुंबईत नायगावला 1948 साली गिरणी कामगारांनी उभा केलेला ग्राहक सहकार. दमाणींना ती पद्धत पटली नाही, त्यांनी स्वतःची बसवली. शक्य तिथे जागा भाड्यानं घ्यायची नाही, विकतच घ्यायची. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. रोज लागणाऱ्या वस्तूंवर कमी नफा घ्यायचा आणि माल फिरता ठेवायचा. हे वाचल्यावर मी आमच्या भांडाराचा अहवाल उघडला. जागा स्वतःची, भर पेठेत, भाडं शून्य. गिऱ्हाईक बांधलेलं, यादी पत्त्यासकट छापलेली. म्हणजे निम्मी शिदोरी आमच्या घरात आधीपासून होती. दुसऱ्यानं आमच्या घरी येऊन पाहिलं, कुठं अडतंय ते हेरलं आणि तेवढं दुरुस्त करून शेजारी दुकान थाटलं. आम्ही तीस वर्षं त्याच घरात राहून ते पाहिलं नाही.

असं सगळीकडे झालं असतं तर मी गप्प बसले असते, काळ बदलला म्हणून सोडून दिलं असतं. पण आमचं मूळ गाव करवीर तालुक्यातच आहे. तिथं आमच्या वहिनी रोज दोन वेळा गावच्या दूध संस्थेला दूध घालतात आणि तिथं सहकार जिवंत आहे.

पहाटे धारा काढायच्या आणि किटली घेऊन संस्थेत जायचं. रांग असते, पण सरकती. सचिव नमुना घेतो, मशीन आवाज करतं आणि चिठ्ठी बाहेर येते. म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर. वहिनी चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय जागची हलत नाहीत. एकदा मी सोबत होते. चिठ्ठीवर फॅट 6.1 आली. वहिनींनी चिठ्ठी परत काउंटरवर ठेवली.

"काल सांजंला सात होती. रातीत म्हस बदलली व्हय रं माझी?"

"वहिनी, मशीन दावतंय ते मी छापतोय."

"मग परत लाव. नीट ढवळून घे."

परत लावली. 6.9. रांगेतल्या कोणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मागची बाई किटली पुढं सरकवून मोकळी झाली. मला मात्र ते दृश्य विसरता येत नाही. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅटला धरतात आणि वर जाईल तसा वाढतो, त्यामुळे त्या आठ दशांशांत वहिनींच्या घरचं तेल-मीठ होतं. दर दहा दिवसांनी बिल, दिवाळीआधी दर फरकाची, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरच्या वाढीव दराची, रक्कम. हिशेब चुकला तर दहाव्या दिवशी कळतो आणि अकराव्या दिवशी भांडण होतं. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, 1963 पासून चालतोय तो गावोगावच्या अशा काउंटरांवर. त्याच्या राजकारणाबद्दल आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाला मत आहे आणि सभांमधला 'मंजूर, मंजूर'चा आणि 'नामंजूर'चा गलका आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण त्या सभेला माणसं लोटतात. तिथं अर्ध्या तासाची टीप लागत नाही.

खाजगी डेअरीचे संकलक त्या गावातही फिरतात. उन्हाळ्यात, कृशकाळात, दूध कमी झालं की लिटरमागं दोन रुपये जास्त देऊ करतात. काही घरं जातात. वहिनींची जाऊ गेली होती. पावसाळा सरून पुष्टकाळ आला, दूध मायंदाळ झालं, तसा तो दर हळूच खाली आला, आणि एक दिवस गाडीच आली नाही. जाऊबाई परत संस्थेत आल्या. मी वहिनींना विचारलं, संकलकाचा राग नाही आला? त्या म्हणाल्या, "त्येचा काय राग? त्येचा धंदा हाय. पण त्यो रेट देतो म्हणून हितं आमच्या चेअरमनला बी रेट द्यावा लागतोय की." मला हे पटलं. समोर स्पर्धा असली की संस्थेची झोप उडते, आणि संस्था असली की संकलकाला मनाला येईल तो दर लावता येत नाही. त्या गावात दोघं एकमेकांना धरून आहेत. त्यातलं एक गेलं तर काय होईल, हे ज्या गावात संस्था बंद पडलीय तिथल्या बायकांना विचारावं.

शहरात येऊन मी याचाच विचार करत राहिले. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार डोळ्यांदेखत पडते, फेसासकट पेला हातात येतो. तिथं गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांनी पारखतं. संस्थेत मशीन आहे, चिठ्ठी आहे आणि चिठ्ठी परत ठेवणाऱ्या वहिनी आहेत. भांडारात पारखायला काय होतं? तूरडाळ दोन रुपयांनी महाग पडली तर मी दुसरीकडे जाते. माझं घर त्यावर चालत नाही, म्हणून मी भांडत नाही. खाजगी दुकानाला तेवढं पुरतं. गिऱ्हाईक गेलं की त्याला धडा मिळतो आणि नाही सुधारलं तर ते बंद होतं. पण भांडारातून मी निघून गेले तरी यादीत सभासद म्हणून राहतेच. न येणारी, न बोलणारी मालकीण. तिथं पारखायचं साधन एकच होतं, वर्षातली ती एक सभा. आणि आम्ही ते साधन संचालकांच्या हातात देऊन घरी बसलो.

2013 साली महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 'क्रियाशील सभासद' आला. पाच वर्षांत निदान एका सभेला हजर राहायचं, संस्थेची किमान सेवा घ्यायची. त्या तरतुदीत पुढे बदल होत राहिले, तो कायद्याच्या जाणकारांचा विषय. मला एवढंच दिसतं, की आपल्याच दुकानात जा, हे माणसांना कायद्यानं सांगायची वेळ आली.

भवानी मंडपाजवळची शेतकरी संघाची इमारत कोल्हापूरकराला सांगायला नको. 1939 साली, संस्थानी काळात, तात्यासाहेब मोहित्यांनी शेतकरी सहकारी संघ उभा केला. 'बैल छाप' खत म्हटलं की पोतं फोडून बघायची गरज नसायची, एवढा त्या छापाचा शब्द होता. पुढे संघाला उतरती कळा लागली. 2023 च्या नवरात्राआधी अंबाबाईच्या भाविकांच्या सोयीसाठी त्या इमारतीतली जागा ताब्यात घ्यायचं प्रशासनानं ठरवलं, आणि शहर पेटून उठलं. सभासद, कार्यकर्ते, म्हातारे शेतकरी मोर्चाला आले. बातमी वाचताना माझे डोळे भरून आले, कारण आबा असते तर तेही काठी टेकत गेले असते. पण त्याच रात्री एक प्रश्न मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. मी स्वतः त्या इमारतीत शेवटची खरेदी कधी केली होती? आठवलं नाही. लहानपणी, कोणाचा तरी हात धरून, एवढंच. ती इमारत माझी आहे असं वाटून माझा ऊर भरून येतो, आणि तिथं चालणारं दुकान मात्र माझं आहे असं मी कधी वागले नाही. प्रेम होतं. वाण्याकडे जायची पिशवी मात्र दुसऱ्या वाटेनं गेली.

त्याच वर्षी मी भांडाराच्या सभेला गेले.

शाळेचा हॉल, सकाळी अकराची वेळ. दारात टेबलावर सह्यांचं रजिस्टर. मी सही केली तेव्हा माझ्या वर नऊ सह्या होत्या, त्यातल्या तीन नोकरवर्गाच्या. खुर्च्या मात्र पन्नास मांडलेल्या होत्या, ओळीत, पुसून. ते बघून पोटात तुटलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी अध्यक्ष उठले आणि कोरमअभावी, म्हणजे गणसंख्या भरली नाही म्हणून, सभा तहकूब झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. मग चहा आला. त्या अर्ध्या तासात आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कुणाची गं तू?" आबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पाच शेअरवाल्यांची. तुझा आजा पहिल्या रांगेत बसायचा. विषय चार आला की उठायचाच." विषय चार म्हणजे नफा-तोटा पत्रक.

साडेअकराला सभा सुरू झाली. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम. मंजूर. अहवाल. मंजूर. नफा-तोटा पत्रक आलं तशी मी उभी राहिले. गुडघे थरथरत होते. चौदाव्या पानावर 'येणे बाकी'पुढे जो आकडा होता तो दरवर्षी तसाच छापला जात होता. मागचे अहवाल काढून मी ते ताडून आले होते. विचारलं, हे पैसे कोणाकडून येणं आहेत आणि कधीपासून?

हॉलमध्ये शांतता. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, जुनं आहे ते. आणि प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यायला लागतो." कोणीतरी मागून "मंजूर" म्हणालं. मी खाली बसले.

सभा संपल्यावर अध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तोच अहवाल. मला घेऊन ते भांडारात गेले, कपाट उघडलं, खतावणी काढली. दोन वसतिगृहं, एक खानावळ, काही बड्या घरचे सभासद. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ओळखीवर नेलेला माल. जिथं पेठेतल्या गरिबाला उधारी नव्हती तिथं यांना होती. मी बोटानं एकेक नाव वाचत गेले. ते म्हणाले, "मी आलो तेव्हा हे असंच होतं. वसुलीला गेलो तर नोटीस काढायला पैसे न्हाईत. दोन महिने नोकरांचा पगार माझ्या सहीवर उचललाय. माझ्या जागी कोण येतंय सांगा ताई, उद्या किल्ल्या देतो." मी आले होते रागानं, आणि आता त्यांच्याकडे बघवेना. तो माणूस एकटाच ते दुकान धरून उभा होता. आणि आम्ही बाराशे मालक.

त्यानंतर मी महिन्याचा अर्धा बाजार तिथून आणायला लागले. डाळी, गूळ, पोहे, चटणीची मिरची. सगळं आणत नाही, कारण सगळं तिथं मिळत नाही. व्यवस्थापकांनी दोन खिडक्या बंद करून माल खुला मांडला, तो कोणाच्या सांगण्यावरून ते माहीत नाही. दुपारची सुट्टी अजून आहे.

यंदा प्रश्न लेखी दिला. वहीच्या कागदावर आठ ओळी, येणे बाकीची नावनिशीवार यादी सभेपुढे ठेवावी म्हणून, खाली सभासद क्रमांक. काउंटरवरच्या मुलानं कागद वाचला, परत वाचला. मी पोहोच मागितली. त्यानं ड्रॉवर उपसून शिक्का शोधला. पॅड वाळलेलं होतं. मग त्यावर शाईचे चार थेंब टाकले, बोटानं पसरले, आधी जुन्या पावतीच्या पाठीवर मारून बघितला आणि मग माझ्या कागदावर दाबला. तारीख घातली. बोट शर्टाला पुसलं आणि विचारलं, "सभेला येणार न्हवं?"

सभा रविवारी अकराला आहे. गल्लीतल्या दोन काकू आणि शेठचा नातू, तोही सभासद निघाला, येतो म्हणालेत. पावणेअकराला आम्ही चौकातून निघणार आहोत.